आजीला इंग्रजी येत नाही. ही जुनी चित्रपुस्तके नातीला मराठीत कशी वाचून दाखवावीत?

अनगोळकर (बेळगाव) यांचा प्रश्न

नमस्कार. माझी धाकटी बहीण अमेरिकेत राहते. तिची मुले आता मोठी झाल्यामुळे त्यांच्या लहानपणीच्या चित्रपुस्तकांचे एक खोके तिने इकडे येणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाबरोबर माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीसाठी पाठवले. खोके उघडल्यावर लक्षात आले की त्यातली बहुतेक पुस्तके १९४० ते १९६५ या काळात पहिल्यांदा निघालेली आहेत आणि तिकडे ती अजूनही नव्याने छापली जातात. मार्गारेट वाइज ब्राउन यांचे ‘गुडनाइट मून’ (१९४७), एस्फिर स्लोबोदकिना यांचे ‘कॅप्स फॉर सेल’ (१९४०), एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’ (१९६२), मॉरिस सेंडाक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) आणि डॉ. स्यूस यांचे ‘द कॅट इन द हॅट’ (१९५७) ही त्यांतली मुख्य.

आम्ही दोघे नोकरी करतो, त्यामुळे दुपारभर मुलगी माझ्या आईजवळ असते. आईचे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले आहे. ती वर्तमानपत्र असे मोठ्याने वाचते की ऐकत राहावे, पण इंग्रजी अक्षरांशी तिची ओळख नाही. मुलीची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे आणि शेजारचे घर कानडी असल्यामुळे तिचा अर्धा वेळ त्या अज्जींच्या कट्ट्यावर जातो. इथल्या कित्येक घरांत हेच चित्र असेल. पुस्तके आईने वाचून दाखवावीत अशी माझी इच्छा असल्यामुळे मी इंग्रजी मजकुरावर मराठी चिठ्ठ्या डकवायचे ठरवले आणि ‘गुडनाइट मून’ची चार-पाच पाने होताच अडलो. ‘गुडनाइट’ला आमच्या घरात शब्दच नाही, आम्ही फार तर ‘झोपा आता’ म्हणतो, आणि तेही बहुधा रागावून.

माझ्या मनात तीन शंका आहेत. शब्दाला शब्द ठेवावा की आईला चित्र पाहून आपल्या मनाने सांगू द्यावे? बर्फात खेळणाऱ्या मुलाचे पुस्तक बेळगावच्या मुलीला कितपत कळेल? आणि तिसरी शंका विचारायला थोडा संकोच वाटतो, पण विचारतो: या पुस्तकांत असे काय आहे की ती सत्तर-ऐंशी वर्षे टिकावीत? ‘गुडनाइट मून’मध्ये तर मला काहीच घडताना दिसले नाही.

निपाणीची शिक्षिका यांचे उत्तर

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिचे उत्तर मिळाले की पहिली बरीचशी सुटेल. मी निपाणीत अनेक वर्षे बालवाडी चालवली. ‘यात काहीच घडत नाही’ हे वाक्य पालकांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे. मुलांच्या तोंडून मात्र एकदाही ऐकलेले नाही.

‘गुडनाइट मून’ पुन्हा एकदा उघडा आणि या वेळी मजकूर वाचू नका. क्लेमंट हर्ड यांनी काढलेल्या त्या हिरव्या खोलीतले घड्याळ पहिल्या चित्रात सात वाजल्याचे दाखवते आणि शेवटच्या चित्रात आठ वाजून दहा मिनिटे झालेली असतात. दर रंगीत चित्रात खोली किंचित अधिक काळोखी होत जाते, खिडकीतला चंद्र वर चढतो, आणि एक छोटा उंदीर प्रत्येक वेळी नव्या जागी बसलेला सापडतो. मजकूर त्या उंदराच्या हालचालीबद्दल एक शब्दही बोलत नाही. मोठे माणूस अक्षरे वाचत असते तेव्हा मूल उंदीर शोधत असते, आणि तो सापडल्याचे मोठ्यांच्या आधी त्याला कळते. चित्रपुस्तक आणि चित्रे असलेले गोष्टीचे पुस्तक यांत हाच फरक आहे: दुसऱ्यात मजकुराने जे सांगितले तेच चित्र पुन्हा दाखवते, पहिल्यात मजकुराने जे सोडून दिले ते चित्र सांगते.

ब्राउनबाई न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट या शिक्षण-प्रयोगाशी जोडलेल्या होत्या. लहान मुलाला राजा-राणीपेक्षा आपली खोली, आपली खुर्ची, आपला कंगवा यांचे नवल अधिक वाटते, हा तिथला विचार त्या काळी सर्वांना रुचत नव्हता. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने हे पुस्तक १९७२ पर्यंत आपल्या संग्रहात घेतलेच नाही. गंमत अशी की त्याच लायब्ररीने २०२० मध्ये आपली सर्वाधिक वेळा घरी नेली गेलेली पुस्तके जाहीर केली, तेव्हा पहिला क्रमांक तुमच्या खोक्यातल्या ‘द स्नोई डे’चा लागला आणि ‘गुडनाइट मून’चा वेगळा उल्लेख करावा लागला, पंचवीस वर्षे ते कपाटाबाहेर राहिले नसते तर तेही वर असते, हे त्यांनीच मान्य केले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीत परिसरातल्या वस्तूंचा आग्रह धरला तो याच जातीचा, त्यामुळे मला हे पुस्तक कधी परके वाटले नाही.

आता भाषांतराविषयी. ‘गुडनाइट’ हा एकच शब्द इंग्रजीत चंद्रालाही चालतो आणि खुर्चीलाही. मराठीत तसे होत नाही आणि होऊ देऊही नये. चंद्राला आपण ‘चांदोबा’ म्हणतो, त्याला ‘भागलास का’ असे विचारतो. मांजरीला ‘माऊ’ म्हणतो. तुमच्या आईंना ‘झोप हं चांदोबा, झोपा गं माऊंनो, नीज गं खुर्चीबाई’ असे म्हणू दे. त्या घड्याळाच्या खोलीत विणकाम करत बसलेली एक म्हातारी सशीणही आहे. ती कोण, हे नातीला सांगावे लागणार नाही.

सेंडाक यांच्या, मॅक्स नावाच्या मुलाच्या पुस्तकात अडचण वेगळी आहे आणि ती व्याकरणाची आहे. त्यांचे एक-एक वाक्य तीन-तीन पाने चालते. इंग्रजीत क्रियापद लवकर येऊन जाते, त्यामुळे वाक्य ‘आणि’वर लटकत ठेवून पान उलटता येते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे पहिल्या पानावर नुसते कर्ते आणि विशेषणे गोळा होतात आणि मूल कंटाळते. यावर उपाय आपल्या आज्यांना ठाऊक आहे: त्या ‘निघाला मॅक्स होडीतून, गेला गेला दिवसभर, गेला रातभर, आणि…’ असे क्रियापद पुढे ओढून सांगतात. लिहिताना आपल्याला ते अशुद्ध वाटते, सांगताना मात्र तेच बरोबर असते. त्या पुस्तकात मॅक्सची खोली जंगल होऊ लागते तशी चित्रेही पानावर मोठी होत जातात, आणि मधल्या दंग्याच्या वेळी तीन जोडपाने शब्दच नाहीत. तिथे चिठ्ठी लावू नका आणि आईंनाही काही बोलू नये असे सांगा. शेवटच्या पानावर चित्र नाही, फक्त जेवण अजून गरम असल्याचे सांगणारे शब्द आहेत. ‘अजून वाफ येत होती’, ‘आईची माया ती’ अशी भर घालण्याचा मोह होईल, तो आवरावा.

‘कॅट इन द हॅट’ बाजूला ठेवा. ते वाचायला शिकणाऱ्या इंग्रजी मुलांसाठी २३६ वेगवेगळ्या शब्दांत आणि केवळ यमकांवर उभारलेले आहे. तुमची मुलगी दोन वर्षांनी ते स्वतः वाचेल.

पहिल्या शंकेपुरते माझे मत: चिठ्ठ्या नकोत. आईंना चित्र पाहून आपल्या शब्दांत सांगू द्या.

छापखानेवाला, शहापूर यांचे उत्तर

शिक्षिकाताईंशी बाकी सर्व बाबतीत सहमत आहे. मी छपाईच्या धंद्यातला माणूस असल्यामुळे दोन गोष्टी जोडतो.

‘गुडनाइट मून’मध्ये एक जोडपान रंगीत आणि पुढचे काळे-पांढरे असा क्रम आपल्या लक्षात आला असेल. त्या काळात रंगीत छपाई फार महाग असल्यामुळे कागदाच्या एका बाजूला सगळे रंग आणि दुसऱ्या बाजूला फक्त काळा छापायची रीत सर्रास होती. कागदाला घड्या घालून सोळा पानांचा फर्मा करतात आणि दोन फर्म्यांचे बत्तीस पानांचे पुस्तक होते. चित्रपुस्तके आजही बहुधा बत्तीस पानांचीच असतात ती या हिशेबामुळे. चांगल्या चित्रकाराने या काटकसरीचाही उपयोग करून घेतला: काळ्या-पांढऱ्या पानावर एखादी वस्तू जवळून दिसते आणि पान उलटले की पुन्हा पूर्ण खोली उजळते. १९४१ सालचे ‘मेक वे फॉर डकलिंग्ज’ तर संपूर्ण एकाच तपकिरी शाईत आहे. त्याचे चित्रकार रॉबर्ट मक्लोस्की यांनी बदके नीट काढता यावीत म्हणून ती न्यूयॉर्कच्या आपल्या खोलीत आणून पाळली होती. एका शाईत पाण्यातली बदके ओली दिसतात, हे मी आमच्या कारागिरांना दाखवत असे.

दुसरी गोष्ट आपल्या सीमाभागाशी संबंधित आहे. रंगीत पुस्तक चार शायांत छापले जाते आणि मजकूर फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर ठेवला तर बाकीच्या तीन प्लेटांना हात न लावता एकच पुस्तक हव्या तितक्या भाषांत काढता येते. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तके अशीच एका चित्रावर अनेक भाषांत निघाली, आणि मॉस्कोहून येणारी मराठी पुस्तकेही. लहानपणी आमच्या घरी मराठी ‘चांदोबा’ येई आणि समोरच्या घरी कानडी ‘चंदमामा’. कानडी आवृत्ती १९४९ पासूनची, मराठी १९५२ पासूनची; दोन्ही मद्रासला छापलेल्या आणि चित्रे तीच. आम्ही दोन्ही अंक जमिनीवर शेजारी-शेजारी पसरून विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ एकाच जागी आहे की नाही ते तपासत असू. मला कानडी वाचता येऊ लागले ते शाळेत जाण्याच्या आधी, त्या चित्रांच्या आधाराने. तुमच्या मुलीला शेजारच्या अज्जींकडेही ही पुस्तके न्यायला सांगा. तिथे काळी प्लेट बदलेल, एवढेच.

चिठ्ठ्यांविषयी मात्र व्यवहारी सल्ला देतो. डिंक किंवा खळ लावू नका; आपल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते आणि कसर नेमकी तिथून कागद खायला सुरुवात करते. चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्याही नकोत, त्यांचा चिकटपणा कागदावर राहतो. बटर पेपरच्या पट्ट्या कापून त्यांवर पेन्सिलीने ठळक लिहा आणि त्या पानांच्या मध्ये नुसत्या ठेवा. हरवली तर दुसरी करता येते.

खानापूर वाचनालय यांचे उत्तर

शिक्षिकाताईंचा पूर्ण आदर ठेवून एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. मजकूर ठरलेला असला पाहिजे. आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवतो, आणि अनुभव असा आहे की मुलाला गोष्ट नवी नको असते, कालचीच हवी असते. ‘झोप हं माऊ’ असे सोमवारी म्हटले आणि मंगळवारी ‘झोपली का माऊ’ म्हटले की लगेच ‘तसं नाही’ अशी तक्रार येते. आजी आपल्या मनाने सांगू लागली की तिची गोष्ट दर दुपारी लांबत जाईल, त्यात उपदेश शिरेल, आणि पुस्तक वाचण्याऐवजी ते समोर धरून बोलणे होईल. म्हणून पट्ट्या हव्यातच. त्या आईंनी स्वतः बोलून ठरवाव्यात आणि मुलाने लिहून घ्याव्यात, एवढी तडजोड मी सुचवतो.

‘कॅप्स फॉर सेल’ने सुरुवात करा, कारण ती गोष्ट तुमच्या आईंना इंग्रजीशिवायच येते. टोपीविक्या, झाडाखालची झोप आणि माकडे ही आपल्याकडे घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट. आपला टोपीवाला गाठोडे किंवा टोपले घेऊन फिरतो. या पुस्तकातला माणूस मात्र सगळा माल डोक्यावर रचून चालतो: आधी स्वतःची चौकड्याची टोपी, तिच्यावर करड्या, मग तपकिरी, मग निळ्या आणि सर्वांत वर लाल. हा क्रम कधी मोडत नाही. जागा झाल्यावर तो पुन्हा त्याच क्रमाने टोप्या रचतो, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना गोष्टीतला सर्वांत मोठा आनंद तिथे होतो, असे मी पाहिले आहे. स्लोबोदकिना या मूळच्या सैबेरियातल्या आणि अमूर्त चित्रे काढणाऱ्या चित्रकार होत्या. त्यांची माणसे आणि झाडे कातरलेल्या कागदासारखी सपाट दिसतात ती म्हणून.

भाषांतरात एक जागा फार सुंदर बसते. तो फेरीवाला पन्नास सेंटला एक टोपी विकतो. पन्नास सेंट म्हणजे अर्धा डॉलर, तेव्हा आपण सरळ ‘टोप्या घ्या टोप्या, आठ आण्याला टोपी!’ अशी आरोळी द्यावी. आठ आणे आता बाजारात फारसे दिसत नाहीत हे खरे, पण शनिवारच्या बाजारातली आरोळी म्हणून ते आजीच्या तोंडी जितके शोभते तितके ‘पन्नास पैसे’ शोभत नाही. माकडे ‘त्स त्स त्स’ करतात ते तसेच ठेवा. तो एक बोट हलवतो, मग दोन्ही हात, मग एक पाय आपटतो, मग दोन्ही पाय. मुलांना उभे राहून हे सगळे करायला लावावे.

बर्फाच्या शंकेविषयी: ‘द स्नोई डे’मधला पीटर घरी येताना बर्फाचा गोळा उद्यासाठी म्हणून खिशात घालतो, आणि झोपण्यापूर्वी पाहतो तर खिसा रिकामा असतो. आपल्याकडे वळवाच्या पावसात गारा पडल्यावर त्या वाटीत गोळा करून आईला दाखवायला धावलेल्या कोणत्या मुलाला हे समजावून सांगावे लागेल? बर्फात पावले आत वळवून, बाहेर वळवून आणि काठी ओढत तो जे ठसे उमटवतो, ते आमच्याकडे पहिल्या पावसानंतर अंगणातल्या चिखलात रोज उमटतात. कीट्स यांनी ही चित्रे रंगीत व नक्षीदार कागद आणि कापड कातरून चिकटवून केली आणि बर्फाच्या पाकळ्या खोडरबरातून कापलेल्या ठशांनी उमटवल्या; पीटर झोपतो त्या पानांची करडी पार्श्वभूमी मात्र दातांच्या ब्रशने शाई उडवून केली. घरात जुन्या लग्नपत्रिका असतील तर त्या द्या मुलीच्या हातात. आमच्या मुलांनी त्यांतून लाल डगला कापला आणि त्या मुलाला छत्री दिली.

तो मुलगा कृष्णवर्णीय आहे याचा उल्लेख मजकुरात कुठेही नाही, तो फक्त चित्रात दिसतो. पुस्तकाला १९६३ मध्ये कॅल्डेकॉट पदक, म्हणजे अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा मोठा पुरस्कार, मिळाले, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. मुलीला हे आत्ताच सांगायची गरज नाही, पण आजी ‘काळा मुलगा’ असे म्हणून गोष्ट सुरू करणार नाहीत एवढे पाहावे. लेखकाने जे म्हटले नाही ते आपणही म्हणू नये.

निपाणीची शिक्षिका यांचे उत्तर

मजकूर ठरलेला असावा, हा खानापूरकरांचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. ‘तसं नाही’ मीही ऐकले आहे. तेव्हा मी ते मुलाचे हट्ट समजत होते. मात्र पट्टीवर आजीचेच वाक्य उतरले पाहिजे, मुलाने ते शुद्ध करू नये, ही माझी अट आहे. अनगोळकर, हे तुमच्यासाठी आहे.

अनगोळकर यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे, कारण तेवढा वेळ लागला.

छापखानेवाल्या काकांच्या सांगण्याप्रमाणे बटर पेपरच्या पट्ट्या केल्या. आई बोलली आणि मी लिहीत गेलो. दोनदा मी तिचे वाक्य सुधारले आणि दोन्ही वेळा तिने पट्टी परत लिहायला लावली. टोप्यांचे पुस्तक पहिल्याच दुपारी पाच वेळा झाले. ‘आठ आण्याला टोपी’ ऐकून शेजारच्या अज्जी कट्ट्यावरून आत आल्या आणि त्यांच्या लहानपणी ही गोष्ट कशी सांगत ते त्यांनी कानडीत सांगितले; त्यांचा टोपीवाला बाजारातून परत येत होता, आमचा जात होता. यावर वाद झाला, पण माकडांवर एकमत होते. गारांचे उदाहरणही आईला लगेच पटले.

‘गुडनाइट मून’मध्ये मात्र एका पानावर आम्ही सर्व जण अडलो. त्या पानावर चित्रच नाही. पान पूर्ण कोरे आहे आणि ‘कोणी नाही’ त्यालाही शुभरात्री म्हटले आहे. आईने ‘कुणीच नाही, त्यालाही झोप’ असे सुचवले, पण ते तिलाच पटेना. नाही त्याला झोप कसली, असे ती म्हणाली. मी ‘इथे कुणी नाही, झोपा’ लिहिले, ते तर रखवालदाराच्या तोंडचे वाटले. दोन दिवस ते पान पट्टीविना राहिले. तिसऱ्या दुपारी आईने पान उलटले आणि ती थांबली, तेव्हा मुलीने कोऱ्या पानावर हात फिरवून, अज्जी दार ठोठावणाऱ्याला आतून सांगतात त्याच सुरात, ‘यारू इल्ल’ (कुणी नाही) म्हटले आणि पुढचे पान स्वतः उलटले.

पट्टीवर तेच लिहिले आहे. आईला कानडी वाचता येत नाही म्हणून मराठी अक्षरांत लिहिले.